खेळाचा तास मुलांना परत द्या

प्रति,
सातारा जिल्ह्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि जिल्ह्याचा शिक्षण विभाग

विषय : शाळांमधून नाहीसे होत चाललेले खेळाचे तास

स.न.वि.वि.

माझी मुलगी साताऱ्यातल्या एका शाळेत सातवीत शिकते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली. शिष्यवृत्तीच्या आणि दहावीच्या वर्गांचे पी.टी.चे तास परीक्षा होईपर्यंत गणित आणि इंग्रजीच्या जादा सरावाला दिले जातील, इतर वर्गांना आठवड्यातून एकच तास राहील, पालकांनी सहकार्य करावे. थोड्याच वेळात खाली आभाराचे निरोप सुरू झाले. मी तिथेच विचारलं की सराव शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी घेता येणार नाही का. त्यावर उत्तर आलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शाळेचं नाव मी मुद्दाम घेत नाही. कोरेगाव, वाई, कराड, फलटणच्या नातेवाइकांशी आणि मैत्रिणींशी बोलले, तर त्यांच्या मुलांच्या शाळांतूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालं. कुठे तास वेळापत्रकात आहे पण होत नाही, कुठे पी.टी.च्या सरांना रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गावर पाठवलं जातं, कुठे मैदानच उरलेलं नाही. त्यामुळे हे पत्र एका मुख्याध्यापकांना नसून सगळ्यांना आहे.

मी खेळाडू नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खो-खो खेळले, आणि आमचा संघ तालुक्याच्या पुढे कधी गेला नाही. मला प्रमाणपत्र मिळालं नाही, नोकरीत आरक्षण मिळालं नाही, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले नाहीत. तरी शाळेने मला जे दिलं त्यातलं आजही रोज उपयोगी पडणारं जे काही आहे, त्यात त्या मैदानाचा वाटा मोठा आहे. पडलं की खरचटतं आणि आठवड्याभरात भरून येतं, हे तिथे कळलं. ज्या मुलींशी वर्गात एका बाकावर बसले नसते, ज्यांच्या घरी कधी गेले नसते, त्यांच्या पाठीवर थाप देऊन खो दिला आणि त्यांच्याकडून घेतला. दम लागला तरी आणखी थोडं पळता येतं, हे कुणी सांगून कळत नाही. हे सगळं माझ्यासारख्या, कुठेही न जिंकलेल्या मुलीलाही मिळालं, आणि माझं मागणं एवढंच आहे की ते माझ्या मुलीला आणि तिच्या वर्गातल्या सगळ्यांना मिळावं.

आपल्या जिल्ह्याला खेळाचं कौतुक नाही असं कुणी म्हणणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं. अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. प्रत्येक वेळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर फलक लागले, सत्कार झाले, शाळाशाळांतून भाषणं झाली. ते व्हायलाच हवं.

पण शाळेतला खेळाचा तास या चौघांसाठी नसतो. असामान्य मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांच्या आणि प्रशिक्षकाच्या जिद्दीने वाट काढते. तो तास असतो वर्गातल्या उरलेल्या मुलांसाठी, जी कधी पदक आणणार नाहीत आणि ज्यांना आयुष्यभर हेच शरीर घेऊन जगायचं आहे. आपल्या शाळांमध्ये नेमकं उलटं झालं आहे. खेळात चांगली असलेली दहा-बारा मुलं निवडायची, त्यांना तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना न्यायचं, फोटो लावायचा, आणि बाकीच्यांना पाचवी-सहावीपासूनच बघे करून टाकायचं. माझ्या मुलीला पळायला आवडतं, पण ती सावकाश पळते. गेल्या वर्षी वर्गाचे सामने झाले तेव्हा तिला गुण लिहायला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवलं. यंदा पी.टी.चा तास असला की सकाळी तिचं पोट दुखतं. खेळ आवडणाऱ्या मुलीला खेळाच्या तासाची धास्ती वाटावी, हे मला कोणत्याही परीक्षेतल्या अपयशापेक्षा मोठं नुकसान वाटतं.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार तासाच्या पळवापळवीची. बहुतेक शाळांत आठवड्याला पस्तीस-चाळीस मिनिटांचे दोन-तीन तास खेळाला असतात. त्यातून रांगा लावणं, मैदानावर जाणं आणि परत येणं वजा केलं तर मूल खरोखर हालचाल करतं ते तासाला फार तर वीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं सांगते. रोज, आठवड्याला नव्हे. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ सालच्या जगभरातल्या आकडेवारीचा अभ्यास केला, तेव्हा अकरा ते सतरा वयाच्या दर पाच मुलांपैकी चार मुलं एवढंही हलत नाहीत असं दिसलं, आणि त्यात मुली मुलांपेक्षा मागे होत्या. अशा वेळी जे थोडं शिल्लक आहे त्यालाच शाळेने कात्री लावायची? आणि निकालपत्रकात शारीरिक शिक्षणापुढे 'अ' श्रेणी मात्र सगळ्यांना मिळते, वर्षभर मैदानावर न गेलेल्यांनाही. जो विषय शिकवलाच नाही त्याची श्रेणी देऊ नये, एवढा प्रामाणिकपणा आपण पाळायला हवा.

अभ्यासाची काळजी मलाही आहे. पण सलग सहा तास बाकावर बसलेलं मूल सातव्या तासाला गणित किती शिकतं, हे वर्गात उभे राहणारे शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. डोळ्यांचंच बघा. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर मोकळ्यावर नेलं. तीन वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे तीस टक्के मुलांना दूरचं कमी दिसू लागलं होतं, आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांत सुमारे चाळीस टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मुलांच्या वर्गाच्या फोटोत किती चष्मे आहेत ते मोजा आणि मग उन्हातला तास काढून घ्यायचा की नाही ते ठरवा.

दुसरी तक्रार शिक्षेची. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, उठाबशा. बोललात, बेडूकउड्या. शारीरिक शिक्षा कायद्याने बंद आहे, आणि तरीही ही पद्धत शिस्तीच्या नावाखाली चालते. ज्या मुलाला पळणं म्हणजे अपमान असं शिकवलं, ते मोठं होऊन सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढायला स्वतःहून जाईल अशी अपेक्षा करू नका. याच्या अगदी उलटी दुसरी पद्धत तितकीच वाईट आहे : वर्गाने दंगा केला म्हणून खेळाचा तास रद्द. भाषेचा तास कधी शिक्षा म्हणून रद्द केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरी, जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, ती प्रत्यक्ष तासात काय होतं याची. साठ मुलं, एक चेंडू, एक बॅट. दोघं खेळतात, आठ-दहा धावतात, उरलेली कुंपणाच्या सावलीत बसतात. मुली एका बाजूला गप्पा मारतात, कारण त्यांना 'तुम्ही रिंग खेळा' सांगून एकच रिंग दिलेली असते. किंवा लांब उडीची रांग, ज्यात प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण तासात एक उडी येते. मी शिक्षकांना दोष देत नाही. पी.टी.च्या सरांवर २६ जानेवारीच्या कवायतीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळं असतं, आणि जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळांत तर स्वतंत्र शिक्षक नसतोच. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरापेक्षा जास्त पट असेल तरच शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेला तेवढा पट कुठून येणार? पण साठच्या साठ मुलांना एकदम हलवायला फार काही लागत नाही. लंगडी, साखळी, विषामृत, लगोरी, आट्यापाट्या, डब्बा ऐसपैस, दोरीच्या उड्या. फक्कीची एक पिशवी आणि जुन्या कापडाचे चेंडू पुरतात. वर्गाचे सहा गट करा, सहा खेळ मांडा, दर पाच-सात मिनिटांनी गट फिरवा. खो-खोचं पूर्ण मैदानसुद्धा सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद एवढंच असतं, आणि लहान मुलांना त्याच्या निम्मंही चालतं. चांगला तास झाला का हे ओळखायची खूण सोपी आहे : तास संपला तेव्हा सगळ्यांना घाम आला होता का, आणि त्यांना आणखी खेळायचं होतं का.

आठवी-नववीतल्या मुली मैदान सोडतात त्याची कारणं आपल्याला माहीत आहेत, फक्त कुणी बोलत नाही. स्कर्टमध्ये किंवा ओढणी सांभाळत धावता येत नाही. पाळी सुरू असेल तर पाण्याची सोय असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं, आणि सरांना कारण न सांगता 'आज नाही' म्हणता येण्याची सोय हवी. कठड्यावर बसून शेरे मारणाऱ्या मोठ्या मुलांना तिथून उठवणारं कुणी हवं. लेझीम मला फार आवडते, पण ती फक्त स्वागतासाठी आणि १५ ऑगस्टसाठी मुलींच्या हातात देऊन 'आमच्या मुली खेळात पुढे आहेत' असं म्हणता येणार नाही.

अपंग मुलांबद्दल तर आपण विचारच करत नाही. त्यांना वर्गात बसवून ठेवतात किंवा चपला-दप्तरं राखायला सांगतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. त्यांचं अभिनंदन करणाऱ्या शाळांनी आपल्या वर्गातल्या अशा मुलाला खेळात कुठली जागा दिली ते तपासावं.

मैदानांविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी मैदानात गाड्या लागतात, लग्नाचे मांडव पडतात, नव्या वर्गखोल्या चढतात, आणि मांडव निघाल्यावर खिळे आणि काचा तशाच राहतात. साहित्याचं कपाट कुलूपबंद असतं, कारण वस्तू हरवली तर भरून कोण देणार. कपाटात जपून ठेवलेला चेंडू मुलांच्या काही कामाचा नाही.

पालकांनाही दोन शब्द. मधल्या सुट्टीत 'पळू नका' असा नियम शाळा करतात, तो आपल्यामुळे. गुडघा फुटला की आपण शाळेत भांडायला जातो, मग मुख्याध्यापक काळजीपोटी पळणंच बंद करतात. खरचटण्याचा एवढा बाऊ करू नका. आणि तास काढून घेतल्याच्या सूचनेवर आभार मानण्याआधी घरातल्या मुलाला एकदा विचारा.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की लहान वयात स्पर्धा लावली नाही तर मोठेपणी खेळाडू घडत नाहीत. नॉर्वे या छोट्या देशात मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या खेळांचे निकाल आणि क्रमवारी लावतच नाहीत. सगळ्यांनी खेळायचं, आवडेल ते करून बघायचं. तोच देश २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. पदकांसाठी म्हणून मी हे सांगत नाही, पण ज्यांना फक्त पदकांची भाषा पटते त्यांच्यासाठी हेही सांगायला हवं.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेकांना पैसा लागत नाही.

१. खेळाचा तास कोणत्याही वर्गाचा, कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या विषयाला देऊ नये. दहावीलाही नाही. दिवाळीनंतर ज्या शाळांनी असे तास काढून घेतले त्यांनी ते पुढच्या आठवड्यापासून परत सुरू करावेत.

२. त्याखेरीज परिपाठाआधी किंवा मधल्या सुट्टीला जोडून रोज पंधरा मिनिटं सगळ्या शाळेने मोकळं खेळावं. वेळ शाळेने ठरवावी, कारण जिल्हा एकसारखा नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो, तिथे व्हरांड्यातले आणि वर्गातले खेळ लागतील. माण-खटावात उन्हाळ्यात सकाळीच खेळून घ्यावं लागेल.

३. पळणं, उठाबशा, उड्या शिक्षा म्हणून देणं बंद. शिक्षा म्हणून खेळ काढून घेणंही बंद.

४. पाचवीपर्यंत निवड नको. डिसेंबरच्या क्रीडा सप्ताहात प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष खेळायला मिळेल असे सामने ठेवावेत, मग संघ कितीही मोठे होवोत. वरच्या वर्गांत शाळेचा संघ जरूर निवडा, पण त्याचा सराव तासाच्या बाहेर घ्या.

५. खेळाच्या दिवशी मुलींना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून यायची मुभा द्या, आणि त्यासाठी महागडा ठरावीक गणवेश विकत घ्यायला लावू नका.

६. शाळेच्या दिवसांत मैदान भाड्याने देऊ नये. संध्याकाळी ते गावातल्या, गल्लीतल्या मुलांसाठी उघडं ठेवावं.

७. शिक्षण विभागाला विनंती की शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वेळापत्रकाची नक्कल बघून समाधान मानू नये. चौथीतल्या आणि आठवीतल्या पाच-पाच मुलांना विचारावं : या आठवड्यात काय खेळलात? शेवटच्या बाकावरच्या मुलांना आणि मुलींना आधी विचारावं.

माणसं नाहीत ही अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. हा जिल्हा सैनिकांचा आहे. गावोगावी निवृत्त जवान आहेत, तालमी आहेत, कबड्डीचे संघ आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारी पोरं-पोरी आहेत. आठवड्यातून दोन तास शाळेला द्यायला यातले कितीतरी जण आनंदाने येतील, फक्त कुणीतरी रीतसर बोलावलं पाहिजे आणि शिक्षक सोबत असले पाहिजेत. त्यांना कवायत घ्यायला बोलावू नका, खेळ घ्यायला बोलवा, एवढी एक सूचना. मी स्वतः खो-खो शिकवायला यायला तयार आहे, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी काही आया तयार आहेत.

व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना एक आठवण. कायद्याप्रमाणे या समित्यांत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे हा निर्णय बदलण्याचा अधिकार आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'खेळाचा तास' हा विषय घ्या आणि ठराव करून तो शाळेच्या फलकावर लावा.

मुलीच्या शाळेत पुढची पालक सभा होईल तेव्हा मी हे पत्र वाचून दाखवणार आहे आणि मागण्यांचं लेखी उत्तर मागणार आहे. इतर शाळांतल्या पालकांनीही हे पत्र जसंच्या तसं किंवा आपल्या शाळेप्रमाणे बदल करून द्यावं. 'नाही' असं उत्तर आलं तरी चालेल, पण ते कारणांसह आणि सहीनिशी यावं.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई
सातारा